मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेआठला,
कोर्टाच्या तळघरात, खोली क्रमांक चारमध्ये
काउंटीची शेती, विस्तार आणि पुनर्वापर समिती बसते.
पाच सभासद, कॉफीचा एक थर्मास,
आणि टेबलाच्या टोकाला मी.
मी बोलत नाही. लिहिते.

शेती आणि कचरा एका समितीत कसे आले
कुणाला नीट आठवत नाही.
अध्यक्ष व्हर्लिन टोलेफ्सरूड म्हणतात,
त्या वर्षी दोन समित्यांपुरती माणसंच मिळेनात.
मला त्यात काही वावगं वाटत नाही.
शेणाचं काय होतं हे विस्कॉन्सिनमध्ये
कुणी कुणाला शिकवायला नको.

विषय तीन: दुग्धव्यवसाय सल्लागाराची जागा.
चौदा महिने रिकामी.
तेवढ्यात एकवीस गोठे बंद झाले.
मिसेस क्रायेव्हस्की चष्मा काढून विचारतात,
"माणूस येईपर्यंत गाई राहतील का?"
मी लिहिते: चर्चा झाली.

विषय चार: मुरघासाच्या गठ्ठ्यांवरचं पांढरं प्लास्टिक.
ठेकेदार आता उचलत नाही, चिखल असतो म्हणतो.
मग लोक ते शेताच्या कडेला जाळतात.
कोण जाळतं, असं कुणी विचारत नाही.
एक सभासद खिडकीकडे बघत राहतात.
तळघराला खिडकी नाही.
चर्चा झाली.

माझे वडील पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते.
त्यांच्या डायरीत रोज एकच ओळ:
गावभेट दिली, शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले.
एकतीस वर्षं तीच ओळ. आम्ही भावंडं हसायचो.
एकदा त्यांच्यासोबत गेले, तर ते दिवसभर
एका माणसाच्या मेलेल्या बैलाशेजारी बसून होते.
संध्याकाळी कंदिलाजवळ डायरी उघडली,
आणि गावभेट दिली.

विषय सात: जनतेकडून.
एरवी या विषयाला कुणी येत नाही.
आज लोर्ना हेट्झेल आल्या, वय सत्तरच्या पुढे,
पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली.
"अकरा वर्षं धुते मी या. कोमट पाण्यात.
लेबल नखानं सोडवते.
गेल्या गुरुवारी ट्रकच्या मागे गेले, माझ्या गाडीनं.
सगळं डेपोवर ओतलं. वरून बुलडोझर."

कचरा विभागाचे साहेब कागद चाळतात.
काचेला भाव नाही. कारखाना दूर.
भाडं मालापेक्षा जास्त.
चुरा डेपोतल्या रस्त्यावर पसरतात,
नियमाप्रमाणे तोही पुनर्वापरच.

"मग धुतल्या कशाला?"

जनतेच्या प्रश्नाला सभेत उत्तर देता येत नाही,
तसा नियम आहे. अध्यक्षांनी तो वाचून दाखवला,
आवाज शक्य तितका खाली आणून.
तीन मिनिटं झाली होती.
खरं तर दोनच झाली होती. घड्याळ माझ्याकडे असतं.

सूचक, अनुमोदक, सभा बरखास्त.
मी इंग्रजीत लिहिते, पण हे शब्द
माझ्या डोक्यात मराठीतूनच येतात,
वडिलांच्या ऑफिसच्या वासासकट:
खळ, शाई, बियाण्यांवरची पावडर.

बरणी टेबलावरच राहिली.
वर नेऊन देणार होते, पण बाई निघून गेल्या होत्या.
जिन्याशेजारी विस्तार कार्यालयाच्या काउंटरवर
कुणीतरी मातीचा नमुना ठेवून गेलं होतं,
पावाच्या पिशवीत, चिठ्ठीशिवाय.
कुठल्या शेतातली, काय पेरायचंय, काही नाही.
मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.
मग उचललं. उगाच काहीतरी अर्थ निघत होता.

दुपारी टंकायला बसले.
विषय सात. जनतेकडून: एक.
इथे थांबायची पद्धत आहे.
मी पुढे लिहिलं:
बरणी आणली होती. स्वच्छ होती.

पुढच्या महिन्यात, दुसऱ्या मंगळवारी,
पहिल्याच विषयाला हे वाचलं जाईल.
बघू, कोण हरकत घेतंय.