ऐंशी ते पंच्याण्णवच्या मध्ये

देओलिंदो बेंतांकोर आले तेव्हा
मी ट्रॅक्टरच्या ट्यूबला ठिगळ लावत होते.
त्यांची पेजो एक्क्याऐंशी सालची, लांब पाठीची,
मागच्या सीटला अजून लोकरीचा वास.
"चाकं बघ जरा," एवढंच म्हणाले
आणि हात खिशात घातले.

स्टिअरिंग थरथरतं, हे मला त्यांच्या नातीनं सांगितलं होतं,
आदल्या रात्री फोनवर, दबक्या आवाजात:
आजोबा बोलायचे नाहीत,
त्यांना वाटतं ते त्यांचेच हात.

वाटणारच.
चाळीस हंगाम मेंढ्या भादरल्या या माणसानं,
दिवसाला शंभर, कधी सव्वाशे,
मुठीत ते गुरगुरणारं यंत्र धरून.
आता चमचा हलतो, गुंडी काजात जात नाही,
माटेचा तुंबा अर्धाच भरतात
आणि म्हणतात, डॉक्टरनं कमी प्यायला सांगितलंय.

मी किल्ली मागितली.
पाच नंबरचा हायवे, ताकुआरेंबोच्या दक्षिणेला,
दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे गवत.
साठला काही नाही. सत्तरला नाही.
ऐंशीला आलं,
आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग कोपरापर्यंत,
बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखं.
पंच्याण्णवच्या पुढे गेलं, आलं तसंच.
ब्रेक दाबला, वाढलं नाही: डिस्क नव्हे.
न्यूट्रलमध्ये सोडली, तरी होतंच: इंजिन नव्हे.

"देओलिंदो," मी म्हटलं,
"मी जन्मात एक मेंढी भादरलेली नाही.
बघा माझे हात."

त्यांनी बघितले. बराच वेळ.
मग खिडकीबाहेर तोंड करून म्हणाले,
"दोन वर्षं मी सत्तरच्या वर गेलो नाही.
बहिणीच्या मयतीला दुरास्नोला बसनं गेलो.
पोचलो तेव्हा माती लोटून झाली होती."

जॅक लावला. पुढचं डावं चाक उतरवलं.
रिमच्या आत ओढ्याचा गाळ, वाळून विटेसारखा.
शिशाचं वजन कुठेतरी पडून गेलेलं, त्याच्या जागी
एक स्वच्छ चौकोन,
भिंतीवरून फोटो काढल्यावर उरतो तसा.
खरवडलं, धुतलं, यंत्रावर फिरवलं.
पस्तीस ग्रॅम.
त्यांनी आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

तरी मन भरेना.
चाक चढवून नऊ आणि तीनवर धरून हलवलं:
टक्.
टायरॉडचा बॉल जॉइंट. रबर फाटलेलं, ग्रीस कधीच वाळलेलं,
हलत्या दातासारखा खोबणीत खेळत होता.
नवा मोंतेविदेओहून यायला चार दिवस.
चारही दिवस ते चालत आले,
माझ्या वडिलांच्या खुर्चीत बसले,
माझ्या पान्यांच्या रांगेवर नाक मुरडलं.

जुना निघेना तेव्हा टॉर्च त्यांनी धरला.
उजेड हलत होता.
मी बोलले नाही, तेही नाहीत.
"खालून नको ठोकू," म्हणाले, "बाजूनं. कानशिलात मारतात तशी."
मारली. सुटला.
तो गंजका गोळा त्यांनी पुसून खिशात टाकला.

दोरी ताणून चाकांची तोंडं सरळ केली.
चाचणीला, म्हटलं, आता तुम्ही चालवा.

ऐंशी. पंच्याऐंशी.
काटा नव्वदवर, आणि स्टिअरिंग गप्प.
त्यांनी उजवा हात काढला, मांडीवर पालथा ठेवला,
त्याच्याकडे बघितलं.
करंगळी हलत होती. आणि तिच्या शेजारचं बोट, थोडं.

"हं," ते म्हणाले, "एवढं माझं."
आणि शंभर केली.

वळून परत यायचा फाटा आला,
गेला.
पाटी होती: दुरास्नो, एकशे नव्वद.
मी दुकान उघडं टाकून आले होते,
कॉम्प्रेसरसुद्धा चालूच.
त्यांनी विचारलं नाही.
मी काच थोडी खाली केली
आणि तुंब्यात पाणी ओतलं, काठापर्यंत.