आगाऊ

रविवारी रात्री साडेनऊला
मी चार अंडी फोडतो.
प्रत्येक आधी वेगळ्या वाटीत,
कारण एक नासकं निघालं
तर बाकीच्या तिघांचं काय चुकलं.

एवढी अक्कल मला बेचाळिसाव्या वर्षी आली.
त्याआधी मी ट्रक चालवायचो,
पाळीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यावर,
आणि न्याहारी म्हणजे वाटेत कुठेतरी
उभ्याउभ्या भाजीपाव.

आता ट्रक फणसाखाली उभा आहे.
सुलक्षा वेर्ण्याला गोळ्यांच्या कारखान्यात जाते.
पाच वीसला कंपनीची बस तिठ्यावर.
पदेराचा भोंपू वाजतो सव्वासहाला.
म्हणजे आमच्या वाड्यावर पाव येतो
ती गेल्यावर तासाभरानं.

मार्चमध्ये ती पॅकिंगच्या पट्ट्यापाशी
चक्कर येऊन पडली.
साखळीच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली
आणि विचारलं मला:
सकाळी काय खाते ही?
मी म्हटलं, चहा.
रिकाम्या टाकीवर पाना आपटावा
तसा तो शब्द माझा मलाच ऐकू आला.

तर, कांदा बारीक.
तांबडी भाजी घट्ट पिळून, नाहीतर पाणी सुटतं.
मुगाचं पीठ दोन चमचे, पनीर असलं तर, मिरं.
गालमो भाजून एकदाच घातला होता.
त्या दिवशी एसी बंद करून
ड्रायव्हरनं सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या,
असं ती सांगते.
चव होती, असं मी अजून म्हणतो.

बिडाचं आप्पेपात्र तिच्या माहेरचं, सात खळगे.
गोड आप्प्यांच्या भांड्यात अंडी?
आई दारातच थबकली होती.
मग तिनंच तोड काढली:
हे अंड्यांना, चतुर्थीला नवं घ्यायचं,
आणि सोमवारी, गुरुवारी
टरफलसुद्धा दिसता कामा नये.
म्हणून रविवारचं मंगळवार-बुधवारला,
बुधवार रात्रीचं शुक्रवार-शनिवारला.
मधल्या दोन दिवशी डब्यात उसळ.
सोमवारी दूध काढायला फ्रीज उघडताना
आई चक्क डोळे मिटते.
इतकं काटेकोर वेळापत्रक
मी बार्जींचंही कधी पाळलं नव्हतं.

आगाऊच आहेस, ती म्हणते,
परवाची न्याहारी आज करतोस.
खरं आहे.
जन्मभर मी आगाऊ घेतच आलो,
मुकादमाकडून, सोसायटीकडून, टायरवाल्याकडून.
देतोय हे पहिल्यांदाच.

तीन मंगळवारी, चार बुधवारी, असा माझा हिशेब.
परवा ती म्हणाली, पुरत नाहीत.
मला बरं वाटलं. अंगी लागतंय म्हणायचं.
मग हळूहळू कळलं:
एक जसिंता घेते, कुडतरीची,
एक ती ओडिशाची नवी पोर, मिनती,
जी खोलीवर नुसती बिस्किटं खाऊन राहते.
आणि तू?
ती केसातली पिन काढत राहिली.
एक, म्हणाली. मोठा असतो तो.

मोठा असतो!
सातही खळगे एकाच मापाचे आहेत, बाई.

आज आठ अंडी.
पहिला घाणा उतरला, दुसरा चढवलाय.
कडा फुगून वर येतात, मध्ये अजून थरथर.
चमच्याच्या देठानं हलकेच उलटायचे,
घाई केली की फाटतात.
खाणीच्या रस्त्यावर आता रात्री
एक दिवासुद्धा हलत नाही,
त्यामुळे तेलाचं चुरचुरणं फार मोठं वाटतं.
मी झाकण ठेवतो.
आतल्या खोलीत ती कुशीवर वळते.

एक फाटलाच.
तो मी ओट्यापाशी उभ्याउभ्या खातो.
मीठ कमी पडलंय.