अंदाजे

सोमवारी अजब बंगला बंद असतो.
मी असते. चिठ्ठ्या लिहायला.
'हातकुऱ्हाड. गारगोटी. लांबी चौदा सेंमी.'
पुढे 'काळ', आणि त्याच्यापुढे 'अंदाजे',
या इमारतीत सगळ्यात जास्त वेळा लिहिला गेलेला शब्द.

त्या दिवशी फरशी बसवायला यल्लप्पा धोत्रे आला होता,
दाभ्याहून, डबा सायकलच्या हँडलला.
कपाट उघडं होतं. मी रजिस्टरवर सही करायला वळले
आणि त्याने दगड उचलला.

हात लावू नका, हे वाक्य मला पाठ आहे.
तोंडापर्यंत आलंही.
पण त्याने तो उचलला
जसं आपण दुसऱ्याचं तान्हं उचलतो,
आधी मान सांभाळून.

उजव्या हातात धरला. फिरवला. बसेना.
डाव्यात घेतला,
आणि अंगठा सरकत सरकत एका खळग्यात
असा टेकला, की बस.

"डावखोरा होता मॅडम, हा गडी."
मग नखानं रेष दाखवली, केसाएवढी, पांढरी.
"अन् हे पाहा. इथं शीर लागली.
याच्यापुढं मारलं असतं तं दोन तुकडे.
म्हून सोडून देल्ला त्यानं.
मीबी सोडतो असे. दिवसाला एखादा."

शेजारच्या ट्रेमध्ये काशाची बांगडी,
हिरवी पडलेली, शिळावर्तुळातून निघालेली.
(मी एकदा घालून पाहिलीय. बोटांच्या पेरांपुढे जात नाही.
हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.)
तिच्याकडे त्याने नुसतं पाहिलं.
"ते कासाराचं काम," म्हणाला, आणि घमेलं उचलून गेला.
दगडावर सिमेंटचा एक ठसा राहिला.
मी कुंचल्याने झाडला. सगळा नाही गेला.

संध्याकाळी चिठ्ठी पुन्हा लिहायला घेतली.
'डावखुरा' लिहिलं. खोडलं. पुरावा काय?
'अपूर्ण' लिहिलं. तेही खोडलं,
कारण तो दगड अपूर्ण नाही,
वेळेवर थांबलेला आहे,
आणि त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही.

घरी आर्वी जेवायला बसली होती.
सासूबाईंनी चमचा काढून तिच्या उजव्या हातात दिला,
आज तिसऱ्यांदा.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी पाण्याचा पेला भरला
आणि तिच्या डावीकडे ठेवला.