डावखुरं म्यान

चाकू कुरियरनं फैजपूरला आला,
खोक्यावर बर्फाचा डोंगर,
मूठ अशी केशरी
की सातपुड्यातलं वानरही लांबून ओळखेल.
अंगठ्याची खाच उजव्या हाताची.
मी डावखुरा.

रिव्हेट ड्रिलनं उडवले.
अंजनाच्या लाकडानं दोन करवती खाल्ल्या,
तिसरीला वाट दिली.
पितळेच्या पिना मोटर भरणाऱ्या शकूरकडून,
एका चहावर.
पात्यावरचं कंपनीचं नाव पॉलिशपेपरनं घासलं :
दोन अक्षरं गेली, बाकीची हटून बसली.
बसू दिली.

म्यानासाठी उखर्डूकाका.
त्यांनी पोत्याखालून पट्टा ओढला,
बंद पडलेल्या जिनाचा,
सांध्यात अजून कापसाची लव.
‘लई फिरला हा. आता बसू दे एका जागी.’
भिजवला, पाता गुंडाळून आत दाबला,
रात्रभर वर पाटा.
सकाळी चामड्याला चाकू पाठ होता.

मग आरी, मेणाचा दोरा,
दोन सुया एका भोकातून समोरासमोर.
पट्ट्याची कडी त्यांनी सवयीनं
उजवीकडची शिवली.
मी गप्प.
कमरेला लावलं, आणि डावा हात
पोटावरून आडवा गेला.
काकांनी पाहिलं. म्यान मागून घेतलं,
एक शब्द न बोलता सतरा टाके उसवले.

रंग नको म्हणाले.
केळीच्या ताज्या दांड्याचा चीक बोळ्यानं फासला,
‘सदऱ्यावरचा कधी गेलाय?’

जुनी भोकंही काळी झाली.
दिसत नाहीत.
मळ्यात उभा असतो तेव्हा
बोट आपोआप त्यांच्यावरून फिरतं,
मोजत.
कधी सोळाच भरतात.