तूट

डेपोत रात्री हिशोब देताना
मशीन आणि रोकड जुळली पाहिजे.
नाही जुळली, तर तूट माझ्या पगारातून.
सहा वर्षांत हे मला कुणी दोनदा सांगितलेलं नाही.

पण महापालिकेच्या दवाखान्यात
निलोफर सिस्टरने कागद पुढं सरकवला,
नऊ पूर्णांक दोन,
आणि म्हणाली,
"मालन, ही तूट कुणाच्या पगारातून?"

रेवू सतरा महिन्यांची.
वरणभात खाते, भाकरीचा पापुद्रा खाते,
पाठ फिरली की भिंतीचा पोपडाही खाते,
तरी मी बूट काढायच्या आत
खाकी शर्टाच्या दुसऱ्या बटणावर तिचा हात.

जिन्यात पाटोळे काकू :
"अजून पाजतेस? आता नुसतं पाणीच येत असेल."

पाणी, काकू?
पाणी तर मी पीतच नाही.
कात्रजहून गाडी सुटली की निगडीपर्यंत
दीड तास, शिवाजीनगरला अडकलो तर दोन,
आणि शेवटच्या स्टॉपवर बायकांच्या मुतारीला
हे एवढं कुलूप.
म्हणून पहाटे एक कप चहा,
आणि बाटली दिवसभर नुसती मिरवायची,
भरलेली, कोमट, पट्ट्याला लटकवून.

मग दूध येतं कुठून?
"तुझ्यातून," सिस्टर म्हणाली.
"पोरीचा वाटा पोरीला मिळतो.
मागं राहतेस ती तू."

तिनं फार काही लिहून दिलं नाही.
लोहाची गोळी, पण चहाबरोबर नको,
लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.
दुपारचा डबा दुपारीच, चार वाजता नाही.
पोर अंगावर घेशील तेव्हा शेजारी तांब्या.
आणि आई आहेस म्हणून
तव्यावरची शेवटची, करपलेली भाकरी तुझीच,
असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही, म्हणाली.

बाळकृष्णनं हे मनावर घेतलं.
मार्केट यार्डातून अळीव आणले, गूळ, दोन नारळ,
आणि फोनवर आईला विचारत विचारत
असे लाडू वळले
की एक हातातून निसटला,
फरशीवर टणकन वाजला आणि तसाच्या तसा राहिला.
मी ते चहात नाही, नुसतेच चघळते,
स्वारगेट ते डेक्कन एक लाडू पुरतो.
शेपूची भाजी नकोशी होती, आता चालते.
आमचे घुले ड्रायव्हर फाट्यावर गाडी उभी करून
पेरूवाल्याला खिडकीतूनच ओरडतात,
"मीठ लावून दे रे, बाईंना!"

चावी मात्र मागावी लागली.
कंट्रोलरसमोर उभं राहून,
मागं चार पुरुष रांगेत,
मोठ्यानं म्हणावं लागलं की मला लघवीला जायचं असतं.
तो आधी रजिस्टरकडं बघत राहिला,
मग ड्रॉवरकडं.
सहा वर्षं लागली मला हे वाक्य बोलायला,
त्याला चावी काढायला अर्धं मिनिट.

आता शिट्टीच्या दोरीला चावी आहे.
शिट्टी फुंकली की ती किणकिणते.
सुनंदाताई मागून नेते, नवी आलेली अंजुम नेते,
आणि बाटली निगडीला पोचेस्तोवर रिकामी होते.

तीन महिन्यांनी : दहा पूर्णांक चार.
"अजून जुळत नाही," सिस्टर म्हणाली,
पण कागद या वेळी तिनं हातात दिला.

रात्री दीडला रेवू उठते.
एक पाय माझ्या पोटावर, एक भिंतीवर,
डोळे मिटलेले, दात सांभाळून.
मी आडवीच, तांब्या शोधते अंधारात.
ती पिते, मी पिते.
मध्येच थांबते, माझा घोट ऐकते,
आणि तांब्याकडं हात करते : "मना."

देते.
अर्धं तिच्या हनुवटीवरून माझ्या मानेवर,
उशीवर, चादरीवर.
सांडू दे.
आज याचा हिशोब मागणारं कुणी नाही.