छाट माल

नान्नांनी तीस वर्षं टॉवेल विणले,
साखर पेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये.
धागा तुटला की माग थांबवायचा,
गाठ मारायची, परत बटण.
एखादं भोक नजरेतून सुटलं
तर शेठ तो टॉवेल कोपऱ्यात भिरकावायचा:
छाट.

त्या कोपऱ्यातल्या ढिगातून मी पट्ट्या कापल्या,
दोन बोटं रुंद, वीतभर लांब,
प्रत्येकीच्या काठावर मार्करने आकडा,
आणि नान्नजच्या माळावर पुरायला निघाले.
"कपडा पुरायला शिकवतात व्हय विद्यापीठात?"
नान्ना एवढंच म्हणाले.
मग चहा संपल्यावर,
"पॉलिस्टरचा नेऊ नको. कोण खाणार नाही त्याला."

कोण खातं, ते मला नीट सांगता आलं नाही.
काहींची नावं लॅटिन,
काहींना नावच नाही, नुसता नंबर,
गिरणीतल्या बदली कामगारासारखा.
चिमूटभर मातीत अख्ख्या सोलापूरहून जास्त वस्ती
आणि खानेसुमारीला मी एकटी.

पहिली जागा कुंपणातली.
वीस वर्षांपूर्वी कागदावर कुणी या माळाला 'ओसाड' म्हटलं
आणि गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या.
गच्च हिरवं. फाटकावर फलक.
दुसरीकडची तीच झाडं काढून
शेडा आणि पवन्याचं बी टाकलं, त्याला तीन पावसाळे झाले.
अजून बोडकीच दिसते.
पाहुणे आले की त्यांना इकडे आणत नाहीत.
तिसरी मायाप्पा कोळेकरच्या मेंढरांच्या वाटेवरची,
कधीच कुणी न सुधारलेली.

दसरा झाला आणि उकरायला बसलो.
मुरूम खुरप्याला दाद देईना.
कुंपणातली पट्टी निघाली जशीच्या तशी,
झटकून तोंड पुसावं इतकी धड.
मेंढवाटेवरची निघालीच नाही.
खुणेचा खिळा सापडला, त्याला चार धागे.
मायाप्पा हसला,
"चोरी झाली की बाई तुमची!"

आणि मधली,
ती बोडकी जागा.
मी पट्टी तळव्यावर घेतली तर चाळण.
सत्तावीस लिहिलं होतं, सातातलं शेपूट गेलेलं.
उभे धागे बरेचसे शाबूत,
आडवे कुठं कुरतडलेले, कुठं नाहीतच,
कडेला पांढुरकी बुरशी, वास ओल्या पोत्याचा.
मी खूप वेळ तशीच उकिडवी बसून राहिले.
लांबच्या तापातून उठलेलं माणूस
एक दिवस आपणहून भाकरी मागतं ना,
तसं काहीतरी.

अहवालात मी टक्के लिहिले,
तुटायला लागलेला जोर, किलोमध्ये,
आणि साहेबांनी विचारलं, मुखपृष्ठाला फोटो?
हिरव्याचा टाकू. चांगला येतो.

सत्तावीस नंबर घरी आणला.
नान्नांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला
जसा उभा जन्म धरत आले,
आणि सवयीनं भोकं मोजू लागले,
ओकटी, रेंडु, मूडु...
एकोणीसला थांबले.
एका भोकातून करंगळी घातली, फिरवली, काढली.
"रात्रपाळीची माणसं दिसतात,"
म्हणाले,
"माग बंदच करत नाहीत."