हॉर्न न वाजवता

सोहारच्या अकरा वर्षांत
चहासाठी मी कधी गाडीतून उतरलो नाही.
टपरीसमोर थांबायचं, एकदा हॉर्न,
काच चार बोटं खाली,
की शिहाब हजर. कागदी पेल्यात करक
आणि तेलकट कागदात गुंडाळलेला पराठा:
आत चीज, चीजवर चुरडलेले चिप्स,
चिप्सवर लाल सॉस, हात सैल सोडून.
पहिल्या घासाचा तो कुरकुर आवाज
मला झोपेतही ओळखू येतो.

एप्रिलमध्ये कंपनीच्या तपासणीत
डॉक्टरबाईंनी रिपोर्ट फिरवून माझ्यापुढे सरकवला.
"हे तुमचंच ना?"
नाव माझंच होतं.
स्पेलिंगसुद्धा बरोबर,
जे इथे क्वचितच असतं.

तेव्हापासून चालतो.
पहाटे साडेचारला, अंधारात,
कारण सहानंतर
इथल्या सूर्याच्या अंगात येतं.
समुद्राकडेनं दिव्यांचे खांब आहेत, ते मोजतो.
पहिल्या दिवशी नऊ.
नवव्याला धरून उभा राहिलो,
एक मांजर बघत होतं.
हवा अशी ओली की चष्मा पुसता पुसता
दोन खांब न मोजताच निघून जातात.
मनगटावरचं घड्याळ थरथरून शाबास म्हणतं.
त्याला काय, ते झोपेत कूस बदलली तरी म्हणतं.

पण पहाट सोपी आहे हो.
अवघड असते ती रात्र, नऊची.
भाकरी खाऊन झालेली असते, वाटीभर मूगही.
पोट काही मागत नाही.
भूक हाताला लागते.
हात उठतो आणि गाडीच्या किल्लीपाशी जाऊन बसतो.

दिवसभर मी स्टोअरमध्ये असतो.
सहीशिवाय एक नट बाहेर सोडत नाही.
मॅनेजर आला तरी म्हणतो, आधी मागणीपत्र.
आणि माझ्या स्वतःच्या तोंडाला
ना दार, ना रजिस्टर.

म्हणून एक जुनी वही काढली,
रकाने आखले.

मागणी: पराठा, एक नग.
कारण: साहेब सगळ्यांसमोर बोलले.
नामंजूर.

मागणी: पराठा, एक. चिप्स जास्त.
कारण: केतकीचा फोन दोन मिनिटांत संपला,
तिला क्लासला जायचं होतं.
नामंजूर.

मागणी: कोणतंही तळलेलं.
कारण: शुक्रवार.
नामंजूर.

मागणी: पराठा, दोन.
कारण:
इथे पेन बराच वेळ टेकवून ठेवलं होतं,
शाईचा ठिपका पडलाय.
मंजूर.

त्या रात्री दोन्ही खाल्ले. गाडीतच, एसी लावून.
दुसऱ्या दिवशी उठलो नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
चौथ्या दिवशी उठलो, याचं काही खास कारण नव्हतं.
बूट दारातच होते, एवढंच.
त्यांत पाय घालणं
त्यांना ओलांडून जाण्यापेक्षा सोपं वाटलं.

आता वहीची सतरा पानं झालीत.
परवा चाळत होतो.
मागणीचा रकाना सगळीकडे सारखाच,
वाचायला कंटाळा येतो.
कारणांचा रकाना मात्र
मी कुणाला दाखवणार नाही.

काल रात्री हात किल्लीकडे गेला तेव्हा
त्याला म्हटलं, चल, पण पायी.
एकवीस खांब.
टपरीसमोर उभा राहिलो तर शिहाबनं ओळखलंच नाही.
मग एकदम हसला, "साब! गाडी किधर?"
जणू मी नेहमीचा शर्ट विसरून आलो होतो.

म्हटलं, बिनसाखरेचा दे.
म्हणाला, करक तर साखरेतच उकळतो,
मोठ्या पातेल्यात, सकाळपासून.
आणि मग, कुणी न सांगता,
त्यानं एक छोटं भांडं घासलं,
माझ्या एकट्यासाठी काळा चहा ठेवला.
लिंबू पिळलं.

तव्यावर पराठा फुगत होता.
आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.
मागून एका गाडीचा हॉर्न वाजला
आणि शिहाब तो पराठा घेऊन धावला.

पेला हातात धरून मी परत निघालो.
चहा कडू होता, खरं सांगतो, अजिबात आवडला नाही.
खांब मोजायचे राहून गेले.